‘कोर्टातून वारसाचा दाखला आणा’ म्हणजे नेमकं काय आणायचं?

घरातलं माणूस गेलं की पंधरवड्याच्या आत कागदांची फाईल उघडावी लागते. मृत्यूचा दाखला हातात येतो आणि मग बँक, पतसंस्था, सोसायटी, विमा कंपनी, तलाठी कार्यालय अशी फेरी सुरू होते. या फेरीत कुठे ना कुठे काउंटरपलीकडून एक वाक्य ऐकू येतंच : ‘कोर्टातून वारसाचा दाखला आणा.’

बोलणाऱ्याचं काम एका वाक्यात होतं. ऐकणाऱ्याच्या मागे मात्र वकील, फी, तारखा आणि काही महिने लागतात. गंमत म्हणजे ‘वारसाचा दाखला’ नावाचा एकच एक कागद कोर्टात मिळत नाही. मिळतात ते निदान चार वेगवेगळे कागद. त्यांतला कुठला हवा, हे काउंटरवरचा माणूस सांगत नाही आणि बहुतेकदा आपणही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्टाच्या वाटेला लागण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, तोही लेखी. अनेक घरांना कोर्टात जाण्याची गरजच नसते. ज्यांना ती खरोखर असते, त्यांतले बरेच जण मात्र ‘आपल्यात वाद नाही’ म्हणून वर्षानुवर्षं थांबतात.

हे कोर्ट असतं कुठे?

इंग्रजी सिनेमांत दिसतं तसं ‘प्रोबेट कोर्ट’ अशी पाटी आपल्याकडे लावलेली नसते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ या कायद्यानुसार हे काम जिल्हा न्यायाधीशांचं आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उच्च न्यायालयाने दिलेल्या अधिकारानुसार दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर हे अर्ज चालतात. म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणचं नेहमीचं दिवाणी कोर्टच. बृहन्मुंबईत मात्र हे काम थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र आणि वारसा विभागाकडे असतं. सिटी सिव्हिल कोर्टाकडे हा अधिकार नाही, त्यामुळे मुंबईकरांनी तिथे चौकशीत दिवस घालवू नयेत.

कुठल्या गावचं कोर्ट, हाही नेहमीचा प्रश्न. बँकेतल्या पैशांसाठी लागणारं प्रमाणपत्र गेलेली व्यक्ती शेवटी जिथे राहत होती, त्या भागातल्या कोर्टात मागायचं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला रजा मिळत नाही, म्हणून अर्ज पुण्यात करता येत नाही. वडील साताऱ्यात राहत असतील तर अर्ज साताऱ्यातच.

पैसे कोणाच्या हाती आणि पैसे कोणाचे?

हा सगळा विषय समजून घ्यायला एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. ‘पैसे कोणाच्या हाती द्यायचे’ आणि ‘पैसे कोणाचे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नॉमिनी हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, हेही मुख्यतः पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मृत्युपत्रात असतं. मृत्युपत्र नसेल तर ते वारसा कायद्यात असतं.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर घराघरांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सरबती देवी खटल्यात विम्याच्या नॉमिनीबद्दल सांगून ठेवलं होतं की तो पैसे स्वीकारणारा असतो, त्याने वारसांचा हक्क संपत नाही. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये जवळच्या नातेवाइकांसाठी वेगळी तरतूद आली, ती सध्या बाजूला ठेवू. शेअर आणि म्युच्युअल फंडांचं काय, हा प्रश्न मात्र नंतरही बरीच वर्षं लोंबकळत होता.

तो सुटला एका मराठी घरातल्या खटल्यात. ‘कालनिर्णय’ आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर असतं. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर यांचं २०१३ मध्ये निधन झालं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं आणि काही गुंतवणुकींना नॉमिनीही नेमलेले होते. ती गुंतवणूक नॉमिनींची की सगळ्या वारसांची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेला. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकाल दिला : कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन म्हणजे वारसा मिळण्याचा वेगळा मार्ग नाही. नॉमिनीच्या नावावर शेअर आले म्हणून तो त्यांचा एकटा मालक होत नाही.

इतक्या जाणत्या घराला या प्रश्नाच्या उत्तरासाठी दहा वर्षं लागली. तुमच्या-माझ्या घरात तो चहाच्या कपाबरोबर सुटेल, असं समजण्याचं कारण नाही.

चार कागद, चार कामं

मी शिक्षणाने इंजिनीअर. असा विषय हाती आला की आधी फ्लोचार्ट काढायची सवय. या विषयाचा फ्लोचार्ट निघतो, पण त्यातला पहिला चौकोन ‘कोर्ट’ नसून ‘मृत्युपत्र आहे का?’ हा असतो.

मृत्युपत्र असेल आणि ते अमलात आणण्यासाठी त्यात कोणाचं नाव लिहिलेलं असेल, तर ती व्यक्ती म्हणजे व्यवस्थापक. प्रोबेट फक्त त्यालाच मिळतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची कोर्टाच्या शिक्क्यानिशी दिलेली प्रमाणित प्रत. हे मृत्युपत्र खरं आहे, कायद्याप्रमाणे झालं आहे आणि या व्यवस्थापकाला मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार आहे, एवढं कोर्ट त्यातून सांगतं. मृत्युपत्र आहे पण व्यवस्थापक नेमलेला नाही, किंवा तोही हयात नाही, तर ‘लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे कारभारपत्र मागायचं. मृत्युपत्र नसतानाही संपूर्ण मालमत्तेच्या कारभारासाठी हे पत्र मागता येतं.

तिसरा कागद उत्तराधिकार प्रमाणपत्राचा. हे फक्त येणं असलेल्या रकमा आणि रोख्यांपुरतं असतं : बँकेतली ठेव, शेअर, रोखे, कोणाकडून येणं असलेली रक्कम. घर किंवा जमीन यात येत नाही. प्रमाणपत्र मिळालं म्हणून बंगला नावावर करायला निघालेल्या माणसाला परत फिरावं लागतं, ते यामुळेच.

चौथा कागद आपल्याकडचा खास, वारस प्रमाणपत्राचा. तो मिळतो १८२७ सालच्या मुंबई विनियम क्रमांक ८ या कायद्याखाली. म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही तीस वर्षं आधीचा कायदा, आणि तो आजही कोर्टात रोज वापरात आहे. कोर्ट जाहीरनामा काढतं, हरकतींसाठी मुदत देतं आणि कोणाची हरकत नसेल तर अमुक अमुक हे वारस आहेत असं प्रमाणपत्र देतं. यानेही मालकी हक्क सिद्ध होत नाही. वारस कोण, एवढंच कळतं. तहसील कार्यालयातून मिळणारा वारस दाखला याहून वेगळा आहे, तो ठरावीक सरकारी कामांपुरता चालतो. दोन्हींची नावं सारखी असल्याने काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पुढचा मुद्दा फारसं कोणी बोलून दाखवत नाही. उत्तराधिकार प्रमाणपत्राचा कायद्याने सांगितलेला परिणाम काय, तर ते पाहून बँकेने प्रामाणिकपणे पैसे दिले की बँक मोकळी. उद्या आणखी कोणी वारस उभा राहिला तर त्याने बँकेकडे नाही, पैसे घेणाऱ्याकडे मागायचं. म्हणजे हा कागद तुमच्या हक्काचा पुरावा कमी आणि पैसे देणाऱ्याची ढाल जास्त आहे. ढाल त्यांची, खर्च तुमचा. हे एकदा लक्षात आलं की बँका लहान रकमेसाठीही हा कागद का मागतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता कोर्टात न जाता काय काय होतं?

समजा, साताऱ्याजवळच्या गावातले एक निवृत्त एसटी कर्मचारी वारले. मागे पत्नी, पुण्यात मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी आणि ८५ वर्षांची आई. मृत्युपत्र नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत ९ लाखांची ठेव, तिला मुलगा नॉमिनी. दुसऱ्या बँकेत ४ लाख, तिथे नॉमिनी नाही. गावच्या पतसंस्थेत ३ लाख. स्वतः घेतलेली २२ गुंठे जमीन. पुण्यात सोसायटीतला एक फ्लॅट.

पहिल्या ठेवीसाठी कोर्टाची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी बँकांना ३१ मार्च २०२६ ही मुदत दिली. नॉमिनी असेल तर बँकेने प्रोबेट किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्राचा आग्रह धरायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या खात्यालाही गरज नाही. नॉमिनी नसला तरी वाद नसेल आणि रक्कम १५ लाखांपर्यंत असेल, तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखीची कागदपत्रं, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र अशा सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत काम व्हायला हवं. बँकेमुळे उशीर झाला तर बँक दर अधिक ४ टक्के या हिशेबाने भरपाई द्यावी लागते.

हे वाक्य मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि शाखेत गेल्यावर वाचून दाखवा. ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. तोंडी नकार देणारे लेखी नकार देताना सहसा नियम उघडून पाहतात.

पतसंस्थेचं गणित वेगळं. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश तिला लागू नाहीत. तिथे सहकार कायदा आणि संस्थेचे उपविधी पाहावे लागतात. आधी उपविधींची प्रत मागा. नॉमिनी नोंदवलेला असेल तर बहुतेकदा तिथेच काम संपतं.

जमिनीसाठी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे करायचा. ई-हक्क प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. महसूल कायद्याप्रमाणे ही खबर तीन महिन्यांत द्यायला हवी. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. या नोंदीसाठीही कोर्टाचा कागद लागत नाही. मात्र सातबाऱ्यावरचं नाव महसूल वसुलीसाठी असतं. त्यावरून मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही, आणि भावाचं एकट्याचं चढलं म्हणून तो एकटा मालक होत नाही.

फ्लॅटसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १५४ब-१३ पाहायचं. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कुटुंबातला लेखी समझोता यांच्या आधारे सोसायटी सभासदत्व देऊ शकते. नॉमिनी असेल तर तो तात्पुरता सभासद होतो. या घरात चारही वारस एकमताचे असतील तर कुटुंबातला समझोता किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सरळ रस्ता आहे. एकमत नसेल, किंवा एखादा वारस सही करायलाच येत नसेल, तर वारस प्रमाणपत्रासाठी कोर्ट.

म्हणजे पाच मालमत्तांपैकी चारांसाठी बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पाचवीचं घरच्यांवर अवलंबून.

आईला विसरू नका

वरच्या घरात ८५ वर्षांची आई मी उगाच घातलेली नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही असते, आणि या घरात तिचा हिस्सा बाकी तिघांइतकाच आहे. वडील या वर्गात नाहीत, आई आहे. वारसांची यादी करताना सगळ्यात आधी हेच नाव सुटतं, कारण आजी कोपऱ्यात बसलेली असते आणि ‘तिला काय करायचंय पैशांचं’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

अर्जात एक वारस लपवून प्रमाणपत्र मिळवलं, असं नंतर उघड झालं, तर ते रद्द होऊ शकतं. आजीचं नाव न घालणं म्हणजे कौटुंबिक सोय नव्हे. तिला हिस्सा नको असेल तर ते तिला कोर्टासमोर किंवा नोंदणीकृत कागदावर, समजून-उमजून सांगू द्या.

मुलींबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. अर्जासोबत बहिणीचं ‘ना हरकत’ प्रतिज्ञापत्र जोडायची पद्धत आहे. भावाने पैसे काढून आणायला माझी हरकत नाही, इतकाच त्याचा अर्थ असायला हवा. पण त्याच कागदात ‘माझा कोणताही हक्क राहिलेला नाही’ असं वाक्य घुसवलेलं असतं आणि ‘कोर्टाची फॉर्मॅलिटी आहे, सही कर’ म्हणून रक्षाबंधनाच्या आसपास तो तिच्यापुढे येतो. ना हरकत आणि हक्कसोड या दोन भिन्न गोष्टी आहेत. सही करण्याआधी पूर्ण कागद वाचा, फोटो काढून ठेवा. आपला हिस्सा हवा असेल तर तसं लिहूनच सही करा, किंवा प्रमाणपत्र सगळ्यांच्या नावे संयुक्त मागा. यात भावावर अविश्वास कसला? हिशेब लिहून ठेवला की नातंही टिकतं.

मुंबईचा प्रोबेटचा नियम आता गेला

मुंबईत घर असलेल्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मोठा बदल झाला. संसदेने निरसन आणि दुरुस्ती कायदा मंजूर केला आणि त्यातून १९२५ च्या कायद्यातलं कलम २१३ वगळलं. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या या कलमामुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत केलेल्या, किंवा तिथल्या घर-जमिनीबद्दलच्या मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगायचा तर हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी कुटुंबांना आधी प्रोबेट घ्यावं लागे. मुस्लिमांना ही अट कधीच नव्हती, ख्रिश्चनांना २००२ पासून नाही. दादरमधल्या वन रूम किचनचं मृत्युपत्र असेल तर उच्च न्यायालयाची वारी अटळ होती. पुण्यातलं मृत्युपत्र, पुण्यातला फ्लॅट असेल तर ती अट लागूच नव्हती. तरी पुण्या-नाशकातल्या सोसायट्याही ‘प्रोबेट आणा’ म्हणत राहिल्या, ही गोष्ट निराळी.

कलम गेलं हे चांगलंच झालं. एकाच राज्यात ठाण्याला एक नियम आणि मुलुंडला दुसरा, याचं समर्थन कुठल्याच तर्काने होत नव्हतं. पण ‘प्रोबेट रद्द झालं’ असे जे मेसेज फिरले, ते चुकीचे आहेत. सक्ती रद्द झाली. प्रोबेट मागण्याचा मार्ग आणि ते देणारं कोर्ट दोन्ही जागच्या जागी आहेत. मृत्यू या दुरुस्तीआधीचा असेल किंवा अर्ज आधीच दाखल असेल, तर तो मागे घेण्यापूर्वी वकिलाशी बोला.

शिवाय माझ्या मते काही घरांनी सक्ती नसतानाही प्रोबेट घ्यावं. कुठल्या? जिथे मृत्युपत्रात एखाद्या मुलाला वा मुलीला वगळलं आहे तिथे. दुसऱ्या लग्नाची मुलं आहेत तिथे. मृत्युपत्र आजारपणात, शेवटच्या महिन्यांत झालं आहे तिथे. ज्याला सगळं मिळालं, त्यानेच ते लिहून घ्यायला मदत केली आहे, तिथे तर नक्कीच. अशा परिस्थितीला न्यायालयं ‘संशयास्पद’ म्हणतात आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकतात. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं म्हणूनही ही जबाबदारी संपत नाही.

दुसरं कारण साधं आहे, साक्षीदार म्हातारे होतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ते सिद्ध करताना त्यांच्यापैकी किमान एकाची साक्ष लागते. वडिलांचे दोन मित्र साक्षीदार असतील तर तेही वडिलांच्याच वयाचे. आज वाद नाही म्हणून कागद कपाटात ठेवला आणि पंधरा वर्षांनी फ्लॅट विकताना पुतण्याने हरकत घेतली, तर साक्ष द्यायला कोण येणार? मग सह्या आणि अक्षर ओळखणारी माणसं शोधत बसायचं. प्रोबेट एकदा मिळालं की मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दलचा तो निर्णय फक्त खटल्यातल्यांपुरता राहत नाही, सगळ्यांना लागू होतो. या अर्जाला तीन वर्षांच्या मुदतीचा नियमही लावला जातो. ती मृत्यूच्या दिवसापासूनच मोजायची असं नाही, पण उशीर झाला तर कारण द्यावं लागतं.

आणि प्रोबेट देणारं कोर्ट काय करत नाही, हेही पाहा. घर वडिलांच्या मालकीचं होतं की आजोबांच्या, यात ते पडत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं, एवढंच पाहतं. मालकीचा वाद असेल तर दिवाणी दावा वेगळा.

अर्ज कसा चालतो?

उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळ्या वारसांची नावं, नातं आणि पत्ते, आणि कुठल्या बँकेत किती रक्कम, याची यादी लागते. यादी करताना घाई नको. प्रमाणपत्र यादीतल्या रकमांपुरतंच असतं. नंतर एखादी पावती गादीखाली सापडली तर प्रमाणपत्र वाढवून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. बँकांकडून शिल्लक रकमेचं पत्र आधीच घ्या.

अर्ज दाखल झाला की वारसांना नोटिसा जातात आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. हरकत आली नाही तर अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची तपासणी आणि आदेश. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते आणि अर्जाच्या खर्चात तीच मोठी बाब ठरते, म्हणून वकिलाच्या फीबरोबर तिचाही आकडा आधी विचारा. वाद नसेल तरी काही महिने धरून चला, कारण नोटीस बजावली गेली नाही तर तारीख पुढे जाते. परगावच्या नातेवाइकांचे पत्ते नीट, पिनकोडसह दिले तर हा वेळ बराच वाचतो. हरकत आली तर पुरावे नोंदवले जातात. हे कामकाज मुळात थोडक्यात आटपण्यासाठी आहे, त्यामुळे गुंतागुंतीचा प्रश्न असेल तर प्रथमदर्शनी ज्याचा हक्क जास्त दिसतो त्याला कोर्ट प्रमाणपत्र देऊ शकतं. बाकीच्यांना दाव्याचा रस्ता मोकळा राहतो. प्रमाणपत्र देताना जामीनही मागितला जाऊ शकतो.

प्रोबेटच्या अर्जाला मूळ मृत्युपत्र जोडावं लागतं. ते देण्याआधी त्याची स्वच्छ रंगीत प्रत काढून ठेवा. साक्षीदारांपैकी कोणी उपलब्ध असेल तर त्याचंही सत्यापन लागतं. हरकत असलेला नातेवाईक कॅव्हेट दाखल करतो, आणि मग तो अर्ज नियमित दाव्यासारखा चालतो. तिथून पुढे वर्षांचा हिशेब. व्यवस्थापक झालेल्याने हेही ध्यानात ठेवावं की प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टाला द्यायचा असतो. हा मान आहे, पण त्यात कामही आहे.

गोव्यात मालमत्ता असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथे २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आणि ‘इन्व्हेंटरी’ची वेगळी पद्धत आहे. डिचोली-पेडण्यात घर असलेल्यांनी वकील तिथलाच पाहावा.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठीत अर्ज करता येतो. वकिलाने इंग्रजीत मसुदा केला तर तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. खरं तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या दारात एक साधा मराठी तक्ता हवा : कुठल्या कामाला कुठला कागद, कुठली खोली, किती फी. बँकांच्या शाखांतही तसाच. त्याला ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च, आणि काउंटरवरचं ते एक वाक्य निम्म्या वेळा तरी उच्चारावं लागणार नाही.

अर्ज दाखल झाल्यावर वकिलाकडून सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं आणि आदेश फोनवर दिसतात. ‘तारीख पडली’ एवढ्या दोन शब्दांवर अवलंबून राहायची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याच्या पश्चात फाईल घेऊन फिरणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.